दिव्यांग बालकाची खेळसाधने : अर्थसाहाय्याच्या वाटा

शासकीय योजनांच्या कागदपत्रांत ‘खेळणे’ हा शब्द क्वचितच आढळतो. तेथे ‘साहाय्यभूत साधने’, ‘उपकरणे’, ‘अध्ययन साहित्य’ असे शब्द असतात. याउलट दिव्यांग बालकाचे आईवडील कचेरीची पायरी चढतात ती मुलासाठी एखादा झोका, आधाराची खुर्ची, हातात सहज मावेल असा खुळखुळा किंवा स्पर्शाने ओळखावयाच्या वस्तूंचा संच मिळावा म्हणून. अर्जाच्या विषयात ते सरळपणाने ‘खेळणी मिळणेबाबत’ असे लिहितात आणि खेळण्यांसाठी तरतूद नाही, असे उत्तर घेऊन पुष्कळदा परततात. वस्तू तीच आणि गरजही तीच. परंतु ती कोणत्या नावाने मागावी आणि कोणत्या दारी मागावी, याची माहिती नसल्याने मुलाच्या वाढीची मोलाची वर्षे निघून जातात. प्रस्तुत लेखात या वाटांचा थोडा तपशिलाने विचार करावयाचा आहे.

खेळाचे प्रयोजन

सर्वसाधारण मूल आपला खेळ आपणच शोधून काढते. ते वाटी-चमचा आपटते, माती चिवडते, उंबरठा ओलांडताना पडते आणि पुन्हा उठते. या उद्योगांतून त्याचे डोळे, कान, हात आणि शरीराचा तोल यांचा मेळ जमत जातो. ज्या मुलास आधाराशिवाय बसता येत नाही, वस्तू धरता येत नाही, दिसत नाही, किंवा ज्यास साधा आवाज अथवा स्पर्शही असह्य होतो, त्याच्यापर्यंत खेळ आपण होऊन पोहोचत नाही. तो नेऊन पोहोचवावा लागतो. हे काम साधने करतात. अमेरिकेतील व्यवसायोपचार तज्ज्ञ जीन एअर्स यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्पर्श, तोल आणि स्नायू-सांध्यांतून मिळणारी जाणीव यांच्या परस्पर मेळावर भर दिला. आज ‘संवेदन साधने’ म्हणून बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा वस्तूंमागे हाच विचार आहे.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. सुखवस्तू घरांतील मुलांच्या बालवाड्यांतून जे माँटेसरी साहित्य दिसते, त्याचे मूळ दिव्यांग बालकांच्या शिक्षणात आहे. इतार आणि सेगँ या फ्रेंच वैद्यांनी एकोणिसाव्या शतकात, शिकू न शकणारी म्हणून बाजूस टाकलेल्या मुलांसाठी ज्ञानेंद्रियांच्या शिक्षणाची साधने योजिली. डॉ. मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये १९०० च्या सुमारास अशाच मुलांना शिकविताना ती वापरली आणि त्यानंतर १९०७ मध्ये सर्वसाधारण मुलांसाठी आपले पहिले बालगृह उघडले. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हेच शास्त्र आदिवासी मुलांपर्यंत नेले. मात्र महागडी लाकडी साधने बाजूस ठेवून शिंपले, बिया, खडे, पाने अशा परिसरातील वस्तूंचा त्यांनी साधन म्हणून उपयोग केला. ज्या साधनांचा उगम दिव्यांग बालकासाठी झाला, ती त्याच्यासाठी मागताना संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

कायद्याची भूमिकाही हीच आहे. बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारास भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली, त्याच्या ३१ व्या अनुच्छेदात खेळण्याचा हक्क सांगितला आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार भारताने २००७ मध्ये स्वीकारला. त्यात दिव्यांग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने खेळात सहभागी होता आले पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. देशातील दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यात ‘खेळणे’ हा शब्द शोधत बसण्यापेक्षा कलम १७ पाहावे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षांपर्यंत पुस्तके, अध्ययन साहित्य व योग्य ती साहाय्यभूत साधने विनामूल्य पुरविणे, हे त्यात शासनाचे व स्थानिक प्राधिकरणांचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे.

सहा वर्षांखालील पोकळी

या तरतुदीत ‘विद्यार्थी’ हा शब्द आहे. मोफत शिक्षणाचा हक्क सांगणारे याच अधिनियमाचे कलम ३१ सहा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे. म्हणजे शाळेत नाव दाखल झाल्यावर मुलासाठी जे दरवाजे उघडतात, ते त्याआधी बरेचसे मिटलेले असतात. मेंदूची वाढ मात्र सहाव्या वाढदिवसाची वाट पाहत नाही. उलट हातात वस्तू धरणे, नजर स्थिर करणे, मान व पाठ सावरणे, आवाजाच्या दिशेने वळणे ही कौशल्ये त्यापूर्वीच घडावयाची असतात. आपल्या व्यवस्थेतील ही एक मोठी उणीव आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ती भरून निघेपर्यंत लहान मुलाच्या पालकांनी दोन ठिकाणे विसरू नयेत.

पहिले ठिकाण म्हणजे जिल्ह्याचे शीघ्र निदान व उपचार केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये, त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथून झाला. या कार्यक्रमात अंगणवाड्या व शाळांतील मुलांची तपासणी होते आणि विकासात मागे पडलेल्या मुलांना या केंद्राकडे पाठविले जाते. येथील उपचारासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हाती येण्याची वाट पाहावी लागत नाही. मुलास कोणते साधन उपयुक्त ठरेल, हे केंद्रातील साधनांवर करून पाहता येते. कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी अशी पारख झाली, तर अर्धा खर्च वाचतो. दुसरे ठिकाण अंगणवाडी. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीने कोणती कार्यपद्धती अनुसरावी, हे ठरवून दिले. तेव्हा आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही, हे उत्तर पालकांनी मान्य करू नये.

प्रमाणपत्र आणि शिफारस

पुढील जवळजवळ प्रत्येक वाटेवर दोन कागद लागतात. एक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व त्यासोबतचे वैश्विक ओळखपत्र. पाच वर्षांच्या आतील मुलास बहुधा ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र मिळते. मूल पुढे सुधारेल, मग शिक्का कशाला, अशा विचाराने पुष्कळ कुटुंबे अर्जच करीत नाहीत. ही भावना समजण्यासारखी आहे. परंतु मुदतीचे प्रमाणपत्र मुदत संपल्यावर संपते आणि दरम्यानच्या काळात मुलाचा लाभ होतो, हे त्यांना कोणीतरी समजावून सांगितले पाहिजे.

दुसरा कागद अधिक महत्त्वाचा असूनही त्याकडे दुर्लक्ष होते. तो म्हणजे भौतिकोपचार किंवा व्यवसायोपचार तज्ज्ञाची, अथवा विशेष शिक्षकाची लेखी शिफारस. मूल आज काय करू शकत नाही, सुचविलेल्या साधनाने कोणत्या कौशल्यास मदत होईल आणि साधनाचे माप काय असावे, या तीन गोष्टी तीत असाव्यात. ‘संवेदन साधने उपयुक्त’ एवढेच मोघम लिहून दिलेल्या चिठ्ठीवर कोणताही अधिकारी खर्चास मंजुरी देऊ शकत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

केंद्राची साधनवाटप योजना

दिव्यांग व्यक्तींना साधने व उपकरणे पुरविण्याची केंद्र शासनाची योजना, जी तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘अडिप’ म्हणून ओळखली जाते, ती १९८१ पासून चालू आहे. कानपूरचे कृत्रिम अवयव निर्मिती महामंडळ (अलिम्को), राष्ट्रीय संस्था व जिल्हा पुनर्वसन केंद्रे यांच्यामार्फत ती राबविली जाते. किमान ४० टक्के दिव्यांगत्व ही तिची अट आहे. २०२२ च्या सुधारित निकषांप्रमाणे मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास साधनाची संपूर्ण किंमत आणि त्यापुढे ३०,००० रुपयांपर्यंत निम्मी किंमत शासन सोसते. मुलाच्या बाबतीत पालकांचे उत्पन्न धरले जाते.

ही योजना तीनचाकी सायकल, चाकांची खुर्ची आणि श्रवणयंत्र यांपुरतीच आहे, असा समज सर्वत्र दिसतो. तो बरोबर नाही. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी अध्ययन-अध्यापन साहित्याचा संच व बहुसंवेदी शैक्षणिक संच या योजनेतून दिला जातो. बहुसंवेदी संचाचा उद्देश स्पर्श, दृष्टी, श्रवण यांना एकत्र चालना देण्याचा असतो. म्हणजे पालक ज्यास खेळणी म्हणतात, त्यांपैकी पुष्कळ वस्तू येथे शासकीय नावाने उपलब्ध आहेत. शिबिरात जाताना या संचाचे नाव घेऊन विचारणा करावी. विचारणा न केल्यास हाताशी असेल ते साधन माथी मारले जाण्याचा संभव असतो. प्रौढाच्या मापाच्या खुर्चीत चार वर्षांचे मूल बसविले, तर ते एका कुशीवर कलंडून राहते आणि त्याच्या पाठीचे नुकसान होते. अशी खुर्ची फुकट मिळाली तरी महागच पडते.

योजनेतील आणखी एक कलम पालकांस ठाऊक नसते. याच कारणासाठी गेल्या तीन वर्षांत साहाय्य घेतलेले नसावे, अशी सर्वसाधारण अट आहे. परंतु बारा वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत एकच वर्ष ठेवलेली आहे. मूल वाढते आणि साधन तोकडे पडते, ही गोष्ट योजना आखणाऱ्यांनी ध्यानात घेतली होती. एकदा लाभ घेतला म्हणजे नाव कायमचे कटले, असे समजून घरी बसू नये. शिबिरे बहुधा दोन टप्प्यांत होतात, प्रथम तपासणी व मोजमाप, नंतर वाटप, आणि मध्ये काही महिने जातात. शिबिराची वाट पाहणे शक्य नसल्यास जवळपास प्रधानमंत्री दिव्याशा केंद्र आहे काय, याची चौकशी करावी.

शाळेमार्फत

मूल शाळेत दाखल झाले की समग्र शिक्षा अभियानाचा आधार मिळतो. २०१८-१९ पासूनच्या या योजनेच्या निकषांत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद धरलेली आहे. ही रक्कम पालकांच्या हाती पडत नाही. ती साहित्य, मूल्यमापन, विशेष शिक्षकांची सेवा अशा कामांसाठी असते. यासाठी गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांना भेटावे. तीव्र दिव्यांगत्वामुळे शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलास गृहाधारित शिक्षणाची सोय आहे. त्याचेही नाव शाळेच्या पटावर असणे आवश्यक आहे. पटावर नाव नसलेले मूल या तरतुदीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

गावाचे पाच टक्के

आता ज्या वाटेचा सर्वांत कमी उपयोग केला जातो, तिच्याकडे वळू. महाराष्ट्रातील ग्रामपंचायती, जिल्हा परिषदा, नगरपालिका आणि महानगरपालिका यांनी आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. या निधीचे वैशिष्ट्य असे की त्याचा विनियोग गावपातळीवर ठरतो. त्यामुळे ज्या मुलाचे वय शाळेच्या योजनेत बसत नाही, त्याच्यासाठीही तो उपयोगी पडू शकतो.

समजा, एका ग्रामपंचायतीचे घरपट्टी, पाणीपट्टी व इतर बाबींचे स्वउत्पन्न वर्षाला सहा लाख रुपये आहे. तिचा दिव्यांग निधी तीस हजार रुपये झाला. गावात वीस दिव्यांग व्यक्ती असतील, तर वर्षाअखेरीस प्रत्येकास दीड हजार रुपये वाटून टाकण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. असे वाटप करणे सोपे असते आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही येत नाही. परंतु दीड हजारात कोणाचीच गरज भागत नाही. याच रकमेतून काही भाग वैयक्तिक साधनांसाठी आणि काही भाग अंगणवाडीत ठेवावयाच्या सामायिक खेळसाहित्यासाठी राखून ठेवला, तर त्याचा उपयोग गावातील मुलांना वर्षानुवर्षे होईल. यासाठी विषय ग्रामसभेत यावा लागतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याचा प्रघात आहे. मार्चमध्ये धावाधाव करण्यापेक्षा ऑगस्ट-ऑक्टोबरच्या सभेत मागणी नोंदविणे शहाणपणाचे, म्हणजे पुढील अंदाजपत्रक तयार होताना ती समोर असते.

अर्जाची भाषा कशी असावी, हे एका नमुन्यावरून स्पष्ट होईल. सेरेब्रल पाल्सी असलेल्या चार वर्षांच्या मुलाच्या पालकांनी ‘खेळण्यांसाठी मदत मिळावी’ असे न लिहिता पुढीलप्रमाणे लिहावे :

‘माझ्या मुलास आधाराशिवाय बसता येत नाही. त्याचे दोन्ही हात तोल सावरण्यातच गुंतून राहतात व त्यास वस्तू हाताळण्याचा सराव मिळत नाही. जिल्हा रुग्णालयातील भौतिकोपचार तज्ज्ञांनी त्याची तपासणी करून कोपऱ्यात ठेवावयाची आधाराची खुर्ची, तिच्यापुढे बसविण्याची फळी आणि हाताळण्याच्या वस्तूंचा संच सुचविला आहे. शिफारसपत्र, मापे, गावातील सुताराचे दरपत्रक व दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. सदर साधन दिव्यांग कल्याण निधीतून मंजूर करावे, ही विनंती.’

या अर्जात दयेची याचना नाही. गरज, तज्ज्ञाचे मत, किंमत आणि निधीचे नाव या चार गोष्टी ग्रामसेवकास टिपणी लिहिण्यास पुरेशा होतात. अर्जाची पोच आवक क्रमांकासह घ्यावी. उत्तर न आल्यास गटविकास अधिकारी, जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग आणि अखेरीस पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त अशी पुढची पायरी आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला असल्याने मंत्रालयातही आता विचारणा करण्याचे ठिकाण निश्चित आहे.

इतर मार्ग

राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. तिच्यातून खेळसाधन मिळत नाही. परंतु बाह्यरुग्ण उपचार व नियमित थेरपीचा काही खर्च तिच्यातून भागतो आणि तेवढा पैसा घरात मोकळा होतो. जुनी करपद्धती निवडणाऱ्या पगारदार पालकांस दिव्यांग अवलंबितासाठी ७५,००० रुपयांची, व दिव्यांगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी एकट्या कुटुंबास मिळत नाही. नोंदणीकृत संस्था किंवा शाळा यांनी मागावयाचा तो निधी आहे. रोटरी, लायन्स यांसारखे स्थानिक मंडळ किंवा देवस्थानचा न्यास यांच्याकडे जाताना वर दिलेलाच अर्ज, तेच दरपत्रक न्यावे. दिव्यांग वित्त महामंडळाची कर्जे मुख्यतः स्वयंरोजगारासाठी असतात. खेळसाधनासाठी त्या दाराशी दिवस घालवू नये, आणि कर्ज काढून तर हे साहित्य मुळीच घेऊ नये.

काय विकत घ्यावे, काय घरी करावे

निधी मिळविण्याइतकाच तो वाया न घालविण्याचा प्रश्न आहे. अंधाऱ्या खोलीत रंगीत दिव्यांचे खांब व बुडबुड्यांच्या नळ्या बसविलेले संवेदन कक्ष नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात सुरू झाले आणि आता आपल्याकडील काही खासगी केंद्रांतही दिसू लागले आहेत. त्यांचा उपयोग नाही असे नव्हे. परंतु घरात तशी खोली उभारणे ही मुलाची पहिली गरज क्वचितच असते. एखाद्या साधनाने स्वमग्नता बरी होते, असा दावा करणाऱ्या विक्रेत्यास दारातूनच परत पाठवावे. असे साधन अस्तित्वात नाही.

ज्या वस्तूस अचूक माप व मजबुती लागते, उदाहरणार्थ आधाराची खुर्ची, उभे राहण्याची चौकट, तिच्यावर पैसा खर्च करावा. तीही तज्ज्ञाने दिलेल्या मापावरून गावातील सुतार करू शकतो. डेव्हिड वर्नर यांच्या खेड्यातील दिव्यांग मुलांविषयीच्या १९८७ च्या पुस्तकात अशा घरगुती साधनांच्या शेकडो आकृत्या आहेत. उरलेले पुष्कळसे साहित्य घरातच असते. जुन्या लुगड्याची झोळी हा उत्तम झोका आहे. ज्वारी किंवा चिंचोके भरलेल्या परातीत हात खुपसून लपविलेली वाटी शोधणे, वाळू भरलेली पिशवी मांडीवर घेणे, गोणपाट, रेशीम, काथ्या यांचे तुकडे शिवलेली गोधडी चाचपणे यांस काहीच खर्च येत नाही. मात्र मूल वस्तू तोंडात घालत असेल तर दाणे व चिंचोके देऊ नयेत, आणि फिट येणाऱ्या मुलास झोक्यावर बसविण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. बाजारातील खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे आहे, ते पाहून घ्यावे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या मालास यातून सूट आहे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसारखी खेळणी घेताना रंग तोंडात गेल्यास अपायकारक नाही ना, एवढे कारागिरास विचारावे.

एकच साधन एका मुलास वर्ष-दोन वर्षे पुरते, नंतर ते माळ्यावर जाते. म्हणूनच अंगणवाडी, शाळा किंवा तालुक्यातील विशेष शाळेत खेळसाहित्याचे ग्रंथालय असावे, ही कल्पना विचारात घेण्यासारखी आहे. पंधरा दिवस साधन घरी न्यावे, मुलास मानवते का ते पाहावे, न मानवल्यास परत करावे. पाच टक्के निधीतून अशा कपाटाची तरतूद करता येईल. त्यासाठी ठरावात साहित्याची यादी, ते ताब्यात ठेवणारी व्यक्ती, दुरुस्तीसाठी राखावयाची रक्कम आणि दरवर्षी एप्रिलमध्ये करावयाची मोजदाद एवढ्या बाबी नमूद असाव्यात.